अमेरिकन घोडदळावर प्रबंध घेताय? आधी १८६१ साल पाठ करा

हा विषय घेतलात की गाइड पहिला प्रश्न टाकतात, "मराठ्यांचं घोडदळ सोडून हे कुठलं काढलंत?" गप्प ऐकून घ्या आणि विषय बदलू नका. माझं तर मत असं की बारगीर (सरकारी घोड्याचा स्वार) आणि शिलेदार (स्वतःच्या घोड्याचा स्वार) ज्याच्या अंगात मुरलेत, त्याला हा विषय लवकर उमगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या स्वाराला घोडा सरकारी. दक्षिणेकडचा स्वार स्वतःचा घोडा आणायचा, त्याचे दिवसाला ४० सेंट मिळायचे. घोडा लढाईत न पडता आजाराने मेला, तर नुकसान स्वाराचं. दुसरा पैदा करा, नाहीतर पायदळात जा. हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता खरी गोम. यात माझं अख्खं एक प्रकरण बाद झालंय, म्हणून पाल्हाळ लावतो.

ड्रगून्सची (घोड्यावरून जाऊन पायीही लढणाऱ्या स्वारांची) पहिली रेजिमेंट १८३३ ची, दुसरी १८३६ ची. मग १८४६ मध्ये माउंटेड रायफल्स, म्हणजे रायफलधारी स्वारांची रेजिमेंट. १८५५ मध्ये आणखी दोन रेजिमेंट उभ्या राहिल्या, त्यांना नावं दिली फर्स्ट कॅव्हलरी आणि सेकंड कॅव्हलरी (कॅव्हलरी म्हणजे घोडदळ). म्हणजे फर्स्ट ड्रगून्स आणि फर्स्ट कॅव्हलरी एकाच वेळी नांदत होत्या, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. १८६१ मध्ये थर्ड कॅव्हलरीची भर पडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, सगळ्यांनाच कॅव्हलरी करून टाकलं आणि ज्येष्ठतेनुसार नवे आकडे वाटले. ड्रगून्स झाले १ आणि २, माउंटेड रायफल्स ३, जुनी फर्स्ट कॅव्हलरी ४, जुनी सेकंड ५ आणि नवीकोरी थर्ड ६.

आता यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली घ्या. १८५५ मध्ये तो सेकंड कॅव्हलरीचा लेफ्टनंट कर्नल. पण त्या रेजिमेंटचा टेक्सासमधला सगळा इतिहास आजच्या फिफ्थ कॅव्हलरीचा आहे. दक्षिणेचा घोडदळ सेनानी जेब स्टुअर्ट याची जुनी फर्स्ट कॅव्हलरी म्हणजे आजची फोर्थ. नुसता आकडा बघून टिपण काढलंत की एकीचं कर्तृत्व दुसरीच्या नावावर जमा होतं, आणि वाक्य वाचताना काहीही खटकत नाही. हीच यातली वाईट गोष्ट.

एवढ्यावर संपत नाही, 'फर्स्ट' नावाचे आणखीही घोटाळे आहेत. फर्स्ट मिशिगन कॅव्हलरी ही राज्याने उभी केलेली स्वयंसेवकांची रेजिमेंट. १८९८ चे रफ रायडर्स म्हणजे फर्स्ट व्हॉलंटिअर कॅव्हलरी. त्यांचे बहुतेक घोडे फ्लोरिडातल्या टँपा बंदरातच राहिले आणि क्यूबात ते पायी लढले. १९२१ ची फर्स्ट कॅव्हलरी डिव्हिजन तर रेजिमेंटच नव्हे. १९६५ मध्ये व्हिएतनामच्या इया द्रांग खोऱ्यात ती हेलिकॉप्टरने उतरली, पण तिथे आधी भिडलेली बटालियन सेव्हन्थ कॅव्हलरीची होती. टिपणवहीत प्रत्येक वेळी पूर्ण नाव आणि शेजारी साल लिहा. कंटाळा येतो, तरी लिहा.

घाबरू नका, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं हळूहळू सुटतं.

लिटल बिगहॉर्नच्या लढाईत पडलेल्या कस्टरपासून सुरुवात करू नका, एवढं मात्र ऐका. सगळे तिकडेच धावतात. लिटल बिगहॉर्न ही २५-२६ जून १८७६ ची लढाई, आणि तिच्यावरचा पुस्तकांचा ढीग तुमच्या उरावर बसेल. शिवाय त्याला जनरल म्हणतात ते मानाच्या हुद्द्यामुळे. सेव्हन्थमध्ये तो लेफ्टनंट कर्नल होता आणि रेजिमेंटचा कर्नल होता स्टर्जिस. त्यापेक्षा नाइन्थ किंवा टेन्थ घ्या. १८६६ मध्ये काळ्या सैनिकांच्या म्हणून उभ्या केलेल्या या रेजिमेंट. काम भरपूर, गर्दी कमी.

रेजिमेंटच्या संघटनांनी काढलेले गौरवग्रंथ चाळायला ठीक, आधाराला नकोत. कोणी गाइड म्हणाले, "त्यावरच भागवा", तर मान डोलवा आणि घरी येऊन मासिक रिटर्न, म्हणजे रेजिमेंटचे दरमहाचे हजेरी-अहवाल, उघडा. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजकडे (राष्ट्रीय अभिलेखागार) १८३३ ते १९१६ चे आहेत, मायक्रोफिल्म एम ७४४. छापील रकान्यांचा मोठा कागद असतो: कोणती कंपनी कोणत्या ठाण्यावर, कोण अधिकारी रजेवर. बारा कंपन्या बारा वाटांना पांगलेल्या दिसतात, तेव्हा रेजिमेंट एकत्र असणंच किती दुर्मिळ होतं ते कळतं. कंपन्यांची नावं म्हणजे इंग्रजी अक्षरं; त्यात 'जे' (J) कंपनी सापडणार नाही. पान फाटलेलं नाही; 'आय' (I) नंतर थेट 'के' (K) येते.

लढाईचं वर्णन वाचतानाही हल्ल्याची चित्रं बाजूला ठेवा. पायउतार होऊन लढायची वेळ आली की दर चौथा स्वार घोडे धरून मागे थांबायचा. शंभर स्वार वाचलंत तर गोळी झाडणारे पंचाहत्तरच धरा.

एकेका सैनिकाचा माग काढायचा असेल तर १९१२ च्या आधीचा काळ निवडा. सेंट लुइसमधल्या लष्करी सेवानोंदींच्या दप्तराला जुलै १९७३ मध्ये आग लागली आणि १९१२ ते १९६० मध्ये सेवेतून बाहेर पडलेल्या लष्करी माणसांची सुमारे ८० टक्के कागदपत्रं गेली. आधीच्या काळासाठी भरतीच्या नोंदवह्या शाबूत आहेत, त्यात वय, उंची, डोळ्यांचा रंग, आधीचा धंदा सगळं मिळतं. अक्षर गिचमिड असतं. मोडी वाचलेल्याला फारसं जड जाऊ नये.