सॅम्पल कुठंवर आलंय? ईलॅबमध्ये प्रयोगाचे टप्पे कसे पाडायचे

कुठल्याही केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये दिवसभर एकच प्रश्न फिरत असतो: "ते सॅम्पल कुठंवर आलंय?" ओव्हनमध्ये आहे, मफलमधून (खूप तापणाऱ्या भट्टीतून) निघालं, एक्सआरडीला (क्ष-किरणांनी क्रिस्टल तपासायला) गेलं की अजून ड्रॉवरमध्येच आहे? वहीत बघावं तर वहीवाला जेवायला गेलेला. आमच्याकडं ईलॅबएफटीडब्ल्यू, थोडक्यात ईलॅब, ही प्रयोगांची कॉम्प्युटरवरची वही आली ती या प्रश्नापायीच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पॅरिसच्या क्यूरी इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेलं आहे. डॉकर (सॉफ्टवेअर बसवायचं एक साधन) जमणारं कुणी ओळखीचं असेल तर कॉलेजच्याच मशीनवर बसतं. बसवायचं कसं ते इथं सांगत नाही, बसवल्यावर टप्पे कसे पाडायचे एवढंच सांगते.

आमचं काम रंगाच्या पाण्याचं. चादरी-टॉवेलांच्या गावात दुसरं काय असणार! झिंक ऑक्साइडची पावडर बनवायची आणि उजेडात ती रंग किती तोडते ते मोजायचं. खरं सांडपाणी लगेच घेत नाही, त्यात मीठ-सोडा भरपूर असतो. आधी मेथिलीन ब्लू हा निळा रंग. उदाहरण त्याचंच घेऊ.

नवीन मुलं प्रोटोकॉलचं प्रत्येक वाक्य एकेक स्टेप करून टाकतात. "झिंक ॲसिटेट वजन करा", "विरघळवा", "ढवळा". यादी लांबते आणि टिका सगळ्या संध्याकाळी निघताना एकदम मारल्या जातात. टिक मारली की ईलॅब वेळ आपोआप नोंदवतं, म्हणजे रेकॉर्ड सांगणार की वजनापासून धुण्यापर्यंत सगळं सहा वाजून पाच मिनिटांनी झालं! माझा नियम सोपा आहे: जिथं काम खाली ठेवून घरी जाता येतं, तिथं टप्पा तोडा. वजन, विरघळवणं, सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं सोडणं, पांढरा साका खाली बसू देणं हा सगळा एकच टप्पा, कारण मधे सोडून जाता येत नाही. मग धुणं, वाळवणं, मफल, एक्सआरडी, शेवटी रंगाची चाचणी. बारीक कृती खाली मुख्य मजकुरात लिहा, तिला टिक लागत नाही.

स्टेपचं नाव झालेल्या कामाचं ठेवा आणि झालं हे कशावरून ओळखायचं तेही त्यातच घाला. नुसतं "धुणे" नको. "धुतलं, वरच्या पाण्याचा पीएच ७" असं. "मफल" नको, "४०० अंश, २ तास, थंड करून वजन घेतलं" असं. प्रयोगांच्या यादीत प्रत्येकाखाली पुढची राहिलेली स्टेप दिसते, त्यामुळं ओव्हनवर कागद चिकटवायची गरज उरत नाही. हे सगळं एकदा टेम्प्लेटमध्ये बसवा, दर वेळी तिथूनच नवा प्रयोग उघडा. झिंक ॲसिटेटच्या बाटलीची लॉट नंबरासकट वेगळी नोंद करून प्रयोगाला जोडायला विसरू नका.

मफलबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडं वीज. मिनिटाला ५ अंशांनी ३० वरून ४०० पर्यंत जायला ७४ मिनिटं लागतात, वर दोन तास धरा. मधे लाइट गेली तर त्या स्टेपला टिक मारायची नाही. मजकुरात लिहा: किती वाजता गेली, तेव्हा तापमान किती होतं, परत कधी आली. मग खाली नवी स्टेप घाला, "पुन्हा ४०० अंश, २ तास". नंतर क्रिस्टलचा आकार वेगळा निघाला तर कारण तिथंच सापडतं.

एक्सआरडीचं सॅम्पल आमच्याकडं कधी कुरिअरनं जातं, कधी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून. इथं स्टेप पुरत नाही, स्टेटस लागतं. ईलॅबमध्ये मुळात चालू, यशस्वी, पुन्हा करायचं आणि फसलं अशा अर्थाची चार स्टेटस येतात. ॲडमिनला सांगून पाचवं घालून घ्या: "बाहेर गेलंय", ठळक नारिंगी रंगात. स्टेपला मुदतही लावता येते. रिपोर्ट ज्या दिवशी येणं अपेक्षित आहे ती तारीख टाका, म्हणजे फोन कधी करायचा हे लक्षात ठेवावं लागत नाही. "फसलं" हे स्टेटस वापरायला मात्र लाजू नका. सरांना दाखवायला सगळं हिरवं ठेवणारे लोक मी पाहिलेत, आणि तीच रेसिपी पुढच्या बॅचनं पुन्हा करून बघितलेलीही पाहिलीय.

रंगाच्या चाचणीत टप्पा तोडायचा तो नियम जरा वेगळा लागू होतो. १० पीपीएमचं द्रावण, त्यात पावडर, अर्धा तास अंधारात ढवळणं, मग दिवा. दर १५ मिनिटांनी ३ मिली काढायचं, सेंट्रिफ्यूज करायचं (गरगर फिरवून पावडर खाली बसवायची), ६६४ नॅनोमीटरच्या उजेडात वाचायचं. काढलेलं सॅम्पल पावडरीसकट उद्यावर ठेवलं तर पावडर रंग शोषतच राहते, आणि नीट सेंट्रिफ्यूज झालं नाही तर उरलेल्या कणांवर उजेड विखुरून रीडिंग वर चढतं. म्हणून अंधार ते शेवटचं रीडिंग ही एकच स्टेप. आतल्या वेळांसाठी मजकुरात तक्ता आधीच आखून ठेवा: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, ॲब्सॉर्बन्स (उजेड किती शोषला त्याचा आकडा). "प्रत्यक्ष"चा रकाना हवाच. ३० व्या मिनिटाचं सॅम्पल ३३ व्याला निघालं तर ग्राफ ३३ वरच काढायचा. पावडरीशिवाय नुसत्या दिव्याखालची चाचणी वेगळा प्रयोग म्हणून नोंदवा आणि लिंक करा, कारण मेथिलीन ब्लू उजेडात थोडा आपोआपही उडतो. बाहेर उन्हात करत असाल तर ढग कधी आले तेही तक्त्यात येऊ द्या.

पुढच्या बॅचला, समजा ५०० अंशांच्या, जुना प्रयोग डुप्लिकेट केला तरी चालतो. फक्त नव्या कॉपीतली जुनी रीडिंग्ज पहिल्यांदा पुसा आणि मगच मफल लावा. सरांनी बघितल्यावर प्रयोग लॉक करा, टाइमस्टॅम्प (तारीख-वेळेची पक्की मोहर) लावा. त्यानंतर एखादं रीडिंग राहिल्याचं आठवलं तर लॉक उघडत बसू नका. नवा छोटा प्रयोग उघडा आणि जुन्याला जोडा.