सोलापुरात गादीवाफ्यावर स्ट्रॉबेरी: थंडीचे चार महिने कसे साधायचे

थंड देशांतल्या स्ट्रॉबेरीच्या माहितीत निम्मी जागा हिवाळ्यात रोप वाचवण्याला दिलेली असते. तिथे पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि रोपाचा गाभा (पानांचे देठ जिथे एकत्र येतात तो भाग) गोठतो, म्हणून वाफ्यावर चार-सहा इंच पेंढा अंथरून रोपं झाकतात. सोलापुरात हे करू नका. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 12 ते 16 अंशांवर असतो, थंडीची लाट आली तर 10च्या आसपास येतो. स्ट्रॉबेरीला हेच हवं असतं, फुलं याच गारव्यात धरतात. झाकलेलं रोप मात्र दमटपणाने गाभ्यातून कुजतं. इथे खरी झुंज तीन गोष्टींशी असते: चुनखडीची माती, बोअरचं खारं पाणी आणि मार्चनंतरचं ऊन. सगळं वेळापत्रक 15 मार्चपासून उलटं मोजून बसवायचं.

जागा आणि वाफा

सकाळपासून दुपारी दोन-अडीचपर्यंत ऊन आणि त्यानंतर सावली, अशी जागा उत्तम. घराच्या पूर्वेकडची बाजू बहुधा अशीच असते. भिंतीला चिकटून वाफा घालू नका, तीन फूट सोडा, कारण तापलेली भिंत रात्रीही ऊब सोडत राहते.

वाफा 10 फूट लांब, 3 फूट रुंद, 1 फूट उंच धरा. कडेला विटा कोरड्याच रचा. आतून सिमेंटचा गिलावा नको आणि घरात उरलेल्या शहाबादी फरश्याही लावू नका. ती फरशी म्हणजे चुनखडकच. ओल्या मातीला कायम टेकून राहिली की सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) वर ओढते आणि स्ट्रॉबेरीला तर 5.5 ते 6.5 सामू लागतो. आपल्या काळ्या मातीचा सामू सहसा 8च्या आसपास असतो. शिवाय ती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यात वरवरची नाजूक मुळं तुटतात. म्हणून काळी माती या वाफ्यात अजिबात नको.

एवढ्या वाफ्याला साधारण 850 लिटर मिश्रण लागतं:

- तांबडी माती 320 लिटर
- वर्षभर कुजलेलं शेणखत 210 लिटर
- धुतलेलं कोकोपीट 210 लिटर (5 किलोच्या तीन विटा)
- धुतलेली जाड वाळू 105 लिटर
- निंबोळी पेंड 2 किलो

कोकोपीटमध्ये मूळचे क्षार असतात. दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पिळूनच वापरा. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर त्यातून हुमणी येते. खत पसरून हाताने चाळा, पांढरी वळलेली अळी दिसली की वेचून टाका. हाडांचं खत घालू नका, त्यातला चुना इथे नकोच आहे. वाफा गणपतीच्या सुमारास भरून ठेवला की लागवडीपर्यंत माती बसते. जेवढी खाली जाईल तेवढी भर पुन्हा टाका.

पाणी आधी तपासा

हा टप्पा बहुतेक जण सोडून देतात आणि निम्मी रोपं इथेच जातात. स्ट्रॉबेरी क्षाराला फार हळवी आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. मीटरवर आकडा 500च्या आत असेल तर ते पाणी वापरा. 800च्या वर गेलं की पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, फळ लहान राहतं. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, ते टाकीत साठवून फक्त या वाफ्यासाठी राखून ठेवा. 20 रोपांना दिवसाला 10 लिटर म्हणजे काही फार नाही. पावसाचं साठवलेलं पाणी त्याहून चांगलं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र चुकूनही देऊ नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

टीडीएस बरा असूनही पाणी जड असेल, म्हणजे बादलीला पांढरे डाग पडत असतील, तर 10 लिटरला 2 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळा, सामूची पट्टी बुडवून बघा आणि 6 ते 6.5 येईपर्यंत थोडं थोडं वाढवा.

रोपं आणि लागवड

महाबळेश्वर, पाचगणी, वाई पट्ट्यातल्या रोपवाटिकांत सप्टेंबरपासून रोपं मिळतात. विंटर डॉन ही जात लवकर फळावर येते म्हणून सोलापूरच्या आखूड हंगामाला ती पहिली पसंती. स्वीट चार्ली चवीला गोड, तीही लवकर येते. कॅमारोसाचं फळ मोठं आणि टणक, पण ती उशिरा येते. तोवर इथे ऊन तापायला लागतं.

सोलापुरात सप्टेंबरात पाऊस जोरात असतो, त्यामुळे घाई नको. 15 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर हा काळ धरा. आधी लावाल तर ऑक्टोबर हीट आणि परतीचा पाऊस दोन्ही अंगावर घ्याल, उशीर केलात तर तोडे कमी होतील.

वाफ्यावर 16 मिलिमीटरच्या ठिबकच्या दोन नळ्या टाका, ड्रिपर फूटभर अंतरावर, ताशी 2 लिटरचे. त्यावर 30 मायक्रॉनचा मल्चिंग पेपर (माती झाकायचं प्लॅस्टिक), चंदेरी बाजू वर. नुसता काळा कागद इथे तापतो. दीड फूट अंतराच्या दोन ओळींत, फूटभरावर, तिरकस जोडीने तीन इंची भोकं पाडा. 20 रोपं बसतात. तिसरी ओळ घुसडायचा मोह टाळा, दाटीत हवा खेळत नाही.

मुळं 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) प्रति लिटर पाण्यात 15 मिनिटं बुडवा आणि संध्याकाळी पाचनंतर लावा. लावताना गाभ्याकडे नीट बघा. पानांचे देठ जिथे एकत्र येतात तो बोटाएवढा जाड, तपकिरी भाग म्हणजे गाभा, त्याच्या टोकाला नवं पान घडी घालून बसलेलं असतं. माती गाभ्याच्या निम्म्यापर्यंत यावी. ते घडीचं पान मातीत गेलं तर आठ-दहा दिवसांत गाभा कुजतो आणि रोप हलकेच ओढलं तरी वर हातात येतं. उलट गाभा पूर्ण उघडा राहिला तर वरची मुळं वाळतात. पहिलं पाणी दिल्यावर माती खाली बसते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकेक रोप तपासा. मल्चिंगची कड गाभ्याला टेकत असेल तर कापा, तापलेला कागद देठ भाजतो.

पहिले दहा दिवस 50 टक्क्यांची शेडनेट बांधा, मग काढून टाका. पाणी सकाळी 15 मिनिटं, म्हणजे रोपाला अर्धा लिटर. पहिले तीन-चार आठवडे येणारी फुलं आणि रनर (रोपातून आडवे पसरणारे धुमारे) खुडत राहा. जीवावर येतं, पण रोप आधी अंगाने भरायला हवं.

खत

दोन आठवड्यांनी सुरुवात. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विरघळणारं खत) लिटरला 2 ग्रॅम, आठवड्यातून एकदा, रोपाला अर्धा लिटर. फुलं धरू दिली की पालाश जास्त असलेलं 13:0:45 त्याच मात्रेत. म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत नको, त्यातलं क्लोराईड या पिकाला सोसत नाही. महिन्यातून एकदा नुसतं गोडं पाणी दुप्पट देऊन साठलेले क्षार खाली उतरवा.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, चुनखडीत ती लगेच अडकते. दुकानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा, 10 लिटरला 10 ग्रॅम, रोपाला अर्धा लिटर. सोबत पाण्याचा सामू पुन्हा तपासा, दुखणं बहुधा तिथेच असतं.

थंडीत काय बिघडतं

कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड येते. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. सरकणारे ठिपके दिसले की पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, दोन दिवसांआड, तीन वेळा. जाळी धरायच्या आत हे केलं तर औषध लागत नाही. भुरी या पांढऱ्या बुरशीच्या रोगात पानाच्या कडा चमच्यासारख्या वर वळतात. पाण्यात विरघळणारं 80 टक्क्यांचं गंधक लिटरला 2 ग्रॅम, तेही सकाळी आणि पारा 32च्या वर जाणार नसेल तेव्हाच, नाहीतर पानं भाजतात.

ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस आला की फळावर करडी बुरशी चढते. ओली फळं, वाळक्या पाकळ्या, जुनी पानं काढून लांब टाका. पाऊस येणार असेल तर वाफ्यावर कमान करून तिच्यावर प्लॅस्टिक ओढा, पाऊस थांबताच काढा. फळं वेडीवाकडी येत असतील तर परागीभवन कमी पडतंय. जवळ मोहरी किंवा कोथिंबीर फुलू द्या, मधमाश्या येतात. बुलबुल आणि खारी तुमच्या आधी उठतात, जाळी लागेलच.

पहिली फळं डिसेंबरअखेर. पूर्ण लाल झाल्यावर, सकाळी, देठासकट कापा. तोडल्यावर रंग चढतो, गोडी चढत नाही. रोपामागे पाव किलोची अपेक्षा ठेवा, जास्त आलं तर आनंद. फेब्रुवारीत मल्चिंगवर उसाचं पाचट दोन इंच पसरा आणि ठिबक 20 मिनिटं करा. पाचटाखाली वाळवी बघत राहा.

मार्चनंतर

एप्रिल-मेच्या 40-42 अंशांत वाफ्यातली रोपं टिकत नाहीत, ती जगवायचा हट्ट नको. फक्त चार-पाच सर्वांत निरोगी रोपं दहा इंची मातीच्या कुंड्यांत घ्या आणि पूर्वेच्या ओसरीत, 75 टक्के सावलीत ठेवा. कुंडीला ओलं पोतं गुंडाळा, फुलं खुडा, खत बंद, पाणी दोन वेळा पण गाभा कोरडा. जूनमध्ये हवा गार झाली की रनर सुटतात. रनरची गाठ मिश्रण भरलेल्या कपात तारेच्या आकड्याने दाबा, चार-पाच आठवड्यांत मुळं धरली की नाळ कापा. दोन हंगामांनंतर मात्र नवी रोपं आणा, घरच्या रोपांत विषाणू साठत जातात.

रिकामा वाफा एप्रिलमध्ये चांगला भिजवून 25 मायक्रॉनच्या पारदर्शक प्लॅस्टिकने सहा आठवडे गच्च झाका, कडा मातीत दाबा. सोलापूरच्या उन्हात खाली बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचं बी बरंचसं मरतं. जूनमध्ये त्यात ताग पेरा आणि फुलावर यायच्या आत गाडा. टोमॅटो, वांगी, मिरची त्या वाफ्यात लावू नका, मर रोग तिथूनच स्ट्रॉबेरीला येतो.