डेन्व्हरला घर घेताय? गॅरेजच्या जमिनीची घाई करू नका

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर किंवा आसपास घर घेतलंत, तर पहिला हिवाळा गॅरेजच्या काँक्रीटच्या जमिनीवर कसलाही रंग किंवा संरक्षक थर लावू नका. नुसती बघा. पाणी कुठे साचतं, क्षारांचं पांढरं कुठे फुटतं, कुठली भेग रुंदावते, हे एका हिवाळ्यात जेवढं कळतं तेवढं कंत्राटदाराच्या धावत्या भेटीत कळत नाही.

हे आधीच सांगते, कारण घर ताब्यात आलं की आपली मंडळी सगळ्यात आधी इथेच हात घालतात. सुट्टीला नाशिकला आले की कॉलेज रोडच्या घरी निघायच्या तयारीतली कुटुंबं भेटायला येतात. त्यांतले बरेचजण अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम केलेले. शॉपफ्लोअरवरचं गुळगुळीत इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव कालवून जमिनीवर दिलेला कडक थर, त्यांनी रोज पाहिलेलं असतं. "ताई, दोन डबे कालवायचे आणि रोलर फिरवायचा, त्यात काय एवढं?" असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण अंबडच्या त्या जमिनीवर बर्फ वितळत नाही, मिठाचं पाणी साचत नाही आणि ती कधी गोठत नाही.

शिवाय इथलं गॅरेज म्हणजे बिल्डिंगखालचं पार्किंग नव्हे. ते घराचाच एक भाग असतं. पुढचं दार पाहुण्यांसाठी, घरची माणसं गॅरेजमधूनच आत येतात आणि तिथलं दार बहुतेक वेळा स्वयंपाकघराजवळ उघडतं. जमिनीवर जे सांडतं ते मोज्यांना लागून घरभर फिरतं. रांगतं मूल असेल तर याचा विचार नक्की करा.

आता थंडीचं. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. डेन्व्हरच्या जानेवारीत ते दुपारचं तापमान असू शकतं, आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. पण नुसत्या थंडीने काँक्रीटचं फार बिघडत नाही. बिघडतं ते गोठण्या-वितळण्याच्या सततच्या फेऱ्यांनी. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. हवा कोरडी, ऊन कडक. सकाळी पडलेला बर्फ दुपारी वितळतो आणि रात्री ते पाणी पुन्हा गोठतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत मुरलेलं पाणी असं पुन्हा पुन्हा फुगलं की वरचा थर खपल्या धरून सुटायला लागतो. गॅरेजच्या दाराजवळच्या पट्ट्यात हे आधी दिसतं.

त्यात रस्त्यावरचे क्षार. बर्फ धरू नये म्हणून इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण फवारतात. चाकांवरच्या कमानीत अडकलेल्या चिखलबर्फातून ते तुमच्या गॅरेजमध्ये येतं. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे जमीन लवकर वाळत नाही. वर सिमेंटच्या घटकांशी क्रिया होऊन काँक्रीट कमकुवत होतं ते वेगळंच. म्हणून जमिनीवर जो थर द्यायचा त्याचं पहिलं काम हे खारं पाणी आत मुरू न देणं. रंग आणि चकाकी नंतर.

हिवाळाभर बघायचं काय? बर्फ पडल्यावर गाडी आत घ्या आणि सकाळी पाण्याचा ओघळ कुठे गेला ते पाहा. गॅरेजला दाराकडे उतार असायला हवा. पाणी मागच्या भिंतीकडे जात असेल तर थर देऊन तो प्रश्न सुटणार नाही. भेगा असतील तर प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. एप्रिलमध्ये पुन्हा बघा. रेघेच्या पुढे भेग गेली आहे का? एक बाजू वर, एक खाली अशी पायरी झाली आहे का? बोट फिरवलं की कळतं.

पायरी झाली असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. डोंगरांच्या पूर्वेकडच्या या पट्ट्यात, ज्याला इथे फ्रंट रेंज म्हणतात, बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइट असलेली फुगणारी माती आहे. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तसंच हे. त्यामुळे इथे गॅरेजची स्लॅब साधारणपणे भिंतींपासून सुटी ठेवतात, म्हणजे ती हलली तरी भिंतीला धक्का बसत नाही. स्लॅब आणि भिंत यांच्यामधली ती फट कडक इपॉक्सीने कधीही भरू देऊ नका. तिथे लवचीक सीलंटच, म्हणजे रबरासारखं ताणलं जाणारं भरणच हवं.

भेगा स्थिर असतील तर पुढची पायरी ओलाव्याची, आणि सगळ्यात जास्त लक्ष मी इथे द्यायला सांगेन. थर वरून पाणी अडवतो खरा, पण खालच्या मातीतून वर येणारी वाफही त्याच्याखाली अडकते, आणि मग फोड येतात. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, चारही कडा टेपने जमिनीला घट्ट चिकटवा, एक कोपराही सुटा ठेवू नका. किमान १६ तास राहू द्या. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालेलं असलं, तर ओल वर येतेय. दोन-तीन ठिकाणी करा, एक दाराजवळ आणि एक मागच्या कोपऱ्यात. ही चाचणी फुकटात होते, पण ती ढोबळ आहे. शंका असेल तर कंत्राटदाराला स्लॅबमध्ये भोक पाडून आतली आर्द्रता मोजायला सांगा.

मग घासाई. थर टिकतो की निघतो हे डब्यातल्या मालाइतकंच, किंबहुना जास्त, या कामावर ठरतं. आमच्या गल्लीतल्या एका घरी कंत्राटदाराने अॅसिड ओतून, पाणी मारून, दुसऱ्याच दिवशी इपॉक्सी लावलं. पुढच्या उन्हाळ्यात गाडी उभी राहते तिथे चार चाकांच्या आकाराचे चार तुकडे उखडले. हायवेवरून आलेलं गरम टायर थराला चिकटतं, गार होताना आकसतं, आणि खालची पकड कच्ची असेल तर थर सोबत घेऊन येतं. अॅसिडने पृष्ठभाग सगळीकडे सारखा खरबरीत होत नाही आणि नीट धुतलं नाही तर क्षार मागे राहतात. डायमंड ग्राइंडरने, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या चकतीच्या यंत्राने, घासून घ्या. हात फिरवला की सँडपेपरसारखं लागलं पाहिजे. घासल्यावर थोडं पाणी टाकून बघा, ते पटकन मुरायला हवं. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे तेल किंवा जुनं सीलर (पाणी अडवणारं द्रावण) आहे. ग्राइंडर भाड्याने मिळतो, पण व्हॅक्यूम जोडलेलाच घ्या आणि चांगला रेस्पिरेटर लावा. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. कापडी रुमाल त्याला अडवत नाही.

माल कुठला? इपॉक्सी काँक्रीटला छान धरतं, रसायनांना टिकतं, पण उन्हाने पिवळं पडतं. या उंचीवर ऊन कडक, आणि गॅरेजचं दार दिवसा उघडं राहिलं की पुढचा पट्टा आधी पिवळा होतो. पॉलिअस्पार्टिक हा दुसरा, झटपट वाळणारा थर. ते उन्हात रंग धरून ठेवतं, थंडीतही वाळतं आणि काही तासांत चालण्याजोगं होतं. त्याची अडचण अशी की ते इतक्या पटकन वाळतं की सवय नसलेल्या माणसाला पसरायला वेळच मिळत नाही. माझं मत विचाराल तर खाली इपॉक्सी, त्यावर रंगीत फ्लेक्स (भुरभुरायच्या बारीक टिकल्या), आणि वरून पॉलिअस्पार्टिक. पहिला थर स्वतः द्यायची हौस असेल तर द्या, वरचा मात्र जाणकाराकडून. वरच्या थरात बारीक खरबरीत कण मिसळायला सांगायला विसरू नका. ओल्या, गुळगुळीत जमिनीवर आई-बाबा घसरले तर काय, हा विचार आधीच झालेला बरा.

खर्च झेपत नसेल तर काही बिघडत नाही. सायलेन-सायलॉक्सेनचं मुरणारं सीलर लावा. ते चमकत नाही, डागही लपवत नाही, पण पाणी आणि क्षार बऱ्यापैकी अडवतं आणि खालची वाफ बाहेर जाऊ देतं. मात्र एकदा ते लावलंत की नंतर इपॉक्सी द्यायला जमीन पुन्हा घासावी लागेल.

वेळ जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतची. बऱ्याच इपॉक्सींना जमीन किमान १० अंश सेल्सिअस, म्हणजे ५० फॅरनहाइट लागते, आणि ती दवबिंदूच्या, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्याच्या, किमान ३ अंश वर हवी. हवेचं नव्हे, जमिनीचं तापमान मोजा. ऑक्टोबरची दुपार उबदार वाटते, पण स्लॅब रात्रीच्या थंडीतून बाहेर आलेली नसते. गार जमिनीवर इपॉक्सी नीट वाळत नाही आणि वर मेणचट थर येतो. स्वतः करणार असाल तर कालवलेलं इपॉक्सी डब्यात ठेवू नका, आत उष्णता कोंडून ते उकळल्यासारखं तापतं. लगेच जमिनीवर ओता आणि पसरा. गॅरेजमध्ये गॅसवरचा वॉटर हीटर असेल तर सॉल्व्हंटचा माल उघडण्याआधी त्याची ज्योत बंद करा.

नंतरची निगा सोपी आहे. फरशीचं पाणी ओढायचा रबरी वायपर दाराशी टांगून ठेवा आणि बर्फाच्या दिवशी साचलेलं पाणी बाहेर ओढा. साफ करायला सौम्य साबण पुरतो. व्हिनेगर आणि अॅसिडची क्लीनर नकोत. चाकांना साखळ्या लावल्या असतील तर त्या ड्राइव्हवेवरच, म्हणजे गॅरेजबाहेरच्या गाडीच्या वाटेवरच काढा. भाड्याच्या घरात राहत असाल तर यातलं काहीच करू नका. कडा उचललेली मॅट गाडीखाली अंथरा, खारं पाणी तिच्यातच राहतं.

आणि सकाळी गाडी गरम करायची असेल तर आधी बाहेर काढा. दार पूर्ण उघडं असलं तरी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो दाराच्या फटीतून थेट घरात जातो. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म आहे का, हे घराची किल्ली मिळेल त्याच दिवशी बघा.