मैफलीत पहिल्यांदा गायला बसताय? निदान या चुका तरी टाळा

कार्तिक लागला की गोव्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या आगेमागे गावोगावचे संगीत महोत्सवही. देवळाचा सभामंडप असो, एखाद्या संस्थेचा हॉल असो की रवींद्र भवन, कुठे ना कुठे बैठक असतेच. मुख्य कलाकाराच्या आधी दोन-तीन स्थानिक मुलामुलींना पंधरा-वीस मिनिटं देतात. चांगली पद्धत आहे, त्याशिवाय नवी पोरं पुढे येणार कशी? मी या पोरांच्या साथीला तबल्यावर बसतो. बाजूला बसून जे दिसतं ते समोरच्या रांगेतून दिसत नाही. पोरं दरवर्षी नवी येतात, घोळ मात्र जुनेच असतात.

गाणं कच्चं असेल तर त्याला रियाजाशिवाय इलाज नाही, आणि तो तुमच्या गुरूंचा विषय आहे. मी बोलतोय ते गाण्याच्या आधीच्या तासाबद्दल. तो तास नीट गेला तर कच्चं गाणंही निभावतं. तो फोटो काढण्यात गेला, तर पक्कं गाणंही मार खातं.

पंधरा मिनिटांत बडा ख्याल

बडा ख्याल म्हणजे विलंबित, संथ लयीतला ख्याल. जरा हिशोब करू. विलंबित एकतालाची एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, ४८ सेकंदांचं होतं. पंधरा मिनिटांतली तीन मिनिटं निवेदन, माइक आणि सुरात लावालावी यात जातात. उरली बारा, म्हणजे पंधरा आवर्तनं. त्यातली दोन-तीन स्थायीत, दोन अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दोन भागांत. उरलेल्यात आलाप, बोलआलाप, ताना आणि वर द्रुत बंदिश! हे गणित तिसरीतलं पोरही करील. तरीही विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘विलंबित एकताल, मग द्रुत तीनताल, आणि वेळ उरला तर एक अभंग.’ वेळ उरला तर!

फोंड्याकडच्या एका देवळातली गोष्ट. मंडपात बैठक होती आणि आठ वाजता आरती. आयोजकांनी ते सगळ्यांना दोनदा सांगितलं होतं. एका तरुण गायकाची वीस मिनिटं होती, पण आधीचा कार्यक्रम लांबल्यामुळे तो बसला तेव्हा सात पस्तीस झाले होते. मी म्हटलं, ‘झपतालातली मध्यलय बंदिश घे, आरतीपर्यंत छान बसेल.’ त्याने मान हलवली, डोळे मिटले आणि यमनचा विलंबित ख्याल सुरू केला. पावणेआठ झाले तरी गडी मंद्र सप्तकातच, खालच्या सुरांत. आयोजकांनी चिठ्ठी पाठवली, ती पेटीवर पडून राहिली, कारण वाचायला डोळे उघडे हवेत. पेटीवाल्या काकांनी खाकरून पाहिलं. आठला पाच कमी असताना त्याला अंतरा आठवला. भटजी आरतीचं ताट घेऊन गाभाऱ्याच्या दाराशी उभे, आणि याचा तार षड्ज लागायला आणि चौघडा वाजायला एकच गाठ पडली. घंटा सुरू झाल्या, श्रोते उठून आमच्याकडे पाठ करून देवाकडे वळले. तरी हा गातोय! शेवटी मी तबल्यावर हात ठेवला तेव्हा डोळे उघडले. नंतर म्हणतो, ‘सर, मूड लागला होता.’

मूड तुमचा लागला, देवाची आरती कोणासाठी थांबणार? देवळातली बैठक ही देवाच्या उत्सवात बसवलेली असते. आरती, पालखी, नैवेद्य यांच्या वेळा आयोजकांना आपणहून विचारा. आणि पंधरा मिनिटं असतील तर झपताल किंवा रूपकातली मध्यलय बंदिश आठ-नऊ मिनिटं आणि त्याच रागातली द्रुत चार मिनिटं. संपलं. नीट गायलात तर पुढच्या वर्षी अर्धा तास मिळेल.

काही हुशार मंडळी यातूनही पळवाट काढतात: विलंबित ख्याल घेतात आणि लय दुप्पट सांगतात. तो ना विलंबित राहत, ना मध्यलय होत. ज्या गोव्यात लयभास्कर तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर होऊन गेले, तिथे निदान लयीची अशी थट्टा नको.

माझी एक सवय आहे. घड्याळ मनगटावरून काढून डग्ग्याच्या चुंबळीला टेकवून ठेवतो, तोंड गायकाकडे. डोळे मिटून गाणाऱ्यांसाठी अर्थात त्याचा उपयोग नाही. अधूनमधून डोळे उघडा. साथीदारांकडे बघितल्याने साधना भंगत नाही.

मोबाइलचा तानपुरा

माझी दुसरी चीड याची. ॲप वाईट नाही, रियाजाला मीही वापरतो. पण मंचावर ॲपच्या भरवशावर येणाऱ्याला वाटतं की सूर लावणं हे काम आता राहिलंच नाही, बटण दाबलं की झालं.

एका महोत्सवात एक मुलगा मालकंस गायला बसला. खरं तर गळा उत्तम. आयोजकांनीच एक फोन स्पीकरला जोडून ठेवला होता, आधीच्या मुलीची पट्टी (पेटीवरची षड्जाची जागा) काळी चार, याची काळी एक. याने पट्टी बदलली आणि सुरू केलं. पहिली तार पंचमातच राहिली. मालकंसात पंचम नाही हे याला माहीत, गळ्यात तो चुकूनही येत नव्हता, पण मागे तानपुरा दर चौथ्या तारेला पंचम ठणकावून सांगतोय. मध्यमावर थांबावं तर आधार नाही, उलट टोचणी. बिचारा दोन मिनिटांत घामाघूम झाला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘तबला जरा बघा ना.’ तबला षड्जात होता! पेटीवाल्या काकांनी वाकून हळूच सांगितलं, ‘बाळा, आधी तो पंचम काढ.’ त्याला कळेना कुठून काढायचा, कारण फोन दुसऱ्याचा. जो तानपुरा रोज हाताने लावतो, त्याच्या कानाला हे पहिल्याच झंकारात खुपलं असतं.

तर मालकंसाला पहिली तार मध्यमात, मारव्यासारख्या पंचम नसलेल्या रागाला बहुतेकजण निषादात लावतात, तुमच्या गुरूंची जी रीत असेल ती. हे बसण्यापूर्वी करायचं. फोन तुमचाच असेल तर तो फ्लाइट मोडवर टाका. ऐन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, तानपुरा बंद पडून रिंगटोन वाजण्यात आता कुणाला नवल वाटत नाही, इतकं ते नित्याचं झालंय.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पेटीचे सूर मंचावर हलवता येत नाहीत. जुन्या पेटीची काळी एक आणि फोनची काळी एक यांत बारीक फरक असू शकतो, चढा किंवा उतरा. तो फरक तानपुऱ्याने मिटवायचा, म्हणजे पेटीचा षड्ज घ्यायचा, ॲपमध्ये बारीक सूर फिरवायची सोय असते तिथे मिळवायचा, मग तबला. या क्रमाने लावलं तर पाच मिनिटं. उलट्या क्रमाने लावलं तर प्रत्येकजण दुसऱ्याला बेसूर म्हणत बसतो.

खऱ्या तानपुऱ्याची जोडी मिळत असेल तर भाग्य समजा, आणि अर्धा तास आधी मंचावर नेऊन ठेवा. आतल्या खोलीत लावलेला तानपुरा मंचावर तसाच राहत नाही. दिव्यांच्या उष्णतेने तार सैलावते आणि सूर उतरतो. त्याच उष्णतेने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सुकते आणि तबला चढतो. म्हणजे दोघं विरुद्ध दिशांना निघालेले असतात. पावसाळ्यात, चतुर्थीच्या दिवसांत, उघड्या मंडपात पुडी दमट हवा पिते आणि तबला उतरतो. तिथून वातानुकूलित हॉलमध्ये नेला की तो पुन्हा वर. म्हणून गाण्याच्या मध्ये मी हातोडी उचलली तर कपाळाला आठ्या घालू नका. दोन आवर्तनं पेटीवाल्याला द्या, गठ्ठा (वादीखालचा लाकडी ठोकळा) ठोकून होतो. आणि तानपुऱ्याच्या घोडीवरचा, तारेखालचा सुताचा धागा सरकवायला शिका. खुंट्या पिळत बसणारे आणि धाग्याला कधी हात न लावणारे विद्यार्थी पाहिले की मला त्यांच्या शिक्षकांशी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

पेटी स्वतःची आणत असाल तर ओल धरून पट्ट्या अडकत नाहीत ना ते घरीच पाहा. ज्या कपाटात पेटी असते तिथे पावसाळाभर एक छोटा दिवा जळता ठेवायची आमच्याकडे जुनी सवय आहे. विजेचं बिल थोडं येतं, पेटी वाचते.

साउंडवाला

आपल्याकडचा साउंडवाला काल तियात्रात (कोंकणी नाटकात) होता, आज तुमच्याकडे आहे, उद्या लग्नात असेल. त्याला ख्याल कळावा ही अपेक्षा चूक आहे. त्याला आधी भेटून सांगा: एको बंद, तबल्याचा खर्ज फुगवू नको, पेटीचा आवाज गळ्यापेक्षा कमी. देवळाच्या मंडपात फरशी, उंच छप्पर, आवाज तसाही घुमतो, त्यात एको घातला की तानेचा काला होतो. हे मंचावरून सांगायचं नाही. दर आवर्तनाला बोट वर करून ‘मॉनिटर वाढवा’ सांगणारा गायक श्रोत्यांना त्याच्या गाण्याऐवजी मॉनिटरकडे बघायला लावतो.

अनवट रागाचा हट्ट

ही खास गोव्याची खोड. गायिका केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, दोघी जयपूर-अत्रौली घराण्याच्या. म्हणून तीन वर्षं शिकलेल्या पोरालाही खोकर गायचा असतो आणि बसंती केदार तर हमखास. या बायकांनी उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांसमोर किती वर्षं काढली ते आधी वाचा. यूट्यूबवरून उचललेला जोडराग पाचव्या मिनिटाला उघडा पडतो, मग गायक दोन्ही रागांच्या मध्ये अडकतो, आणि ठेका धरून मी त्याची सुटका होण्याची वाट बघत बसतो. भूप गा, बिहाग गा. भूप सोपा वाटत असेल तर त्याच सुरांच्या देसकारापासून वेगळा ठेवून दहा मिनिटं गाऊन दाखवा, मग बोलू.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

साथीदारांना राग, ताल, पट्टी आदल्या दिवशी कळवा. काळी चारला वेगळा तबला लागतो, तो मला घरून आणावा लागतो. खिशातून काढता येत नाही.

मुख्य कलाकार कोणता राग गाणार ते विचारा आणि तो सोडून गा. विचारायला लाज कसली?

बसण्यापूर्वी बटाटावडा आणि गार सोलकढी नको. नंतर सगळं खा.

निवेदकाला दिलेली माहिती चार ओळींची असावी. तुमच्या शाळेतल्या बक्षिसांची यादी तुमच्याच पंधरा मिनिटांतून कापली जाते.

सम चुकलात तर तबलजीकडे रागाने बघू नका. श्रोत्यांत चार जाणते असतातच, त्यांना सम कुठे होती ते माहीत असतं.

आणि भैरवी. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, म्हणून ती प्रत्येकाने गायलीच पाहिजे असं नाही. भैरवी म्हणजे मैफल संपली. संध्याकाळी सहाला पहिल्याच पोराने भैरवीतला अभंग म्हटला तर पुढच्या तिघांनी काय करायचं? मागे एकदा पहिल्या दोघांनी भैरवी म्हटल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा खरंच चपला शोधायला उठले होते. शेवटची भैरवी ज्येष्ठांची. तुम्हाला अभंग म्हणायचाच असेल तर दुसऱ्या रागातला निवडा, मराठीत त्यांचा दुष्काळ नाही.

आपलं गाणं झालं की आई-बाबा, मावशी, शेजारी असा सगळा लवाजमा घेऊन निघून जाऊ नका. अर्धा मंडप रिकामा होतो आणि पुढच्याला खुर्च्यांसमोर गावं लागतं. मुख्य कलाकाराला मागे तानपुऱ्याला माणूस हवा असतो, तिथे बसायला मिळतंय का विचारा.

शेवटचं जरा व्यवहाराचं. तबलजी आणि पेटीवाल्याचं पाकीट आयोजक देणार की तुम्ही, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. कार्यक्रम संपल्यावर आयोजक आणि गायक एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि तबल्याची पिशवी खांद्याला अडकवून आम्ही मध्ये उभे.