विल्सनचा रुग्ण आणि घरातील इतर मुले

इंदुरात बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडे काम करू इच्छिणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी हे लिहीत आहे. दुर्मीळ आजार ओळखण्यासाठी जनुकतपासणीच हवी, असा माझाही सुरुवातीला समज होता.

तो एका बारा वर्षांच्या मुलीमुळे गेला. झाबुआकडून बसने गंगवाल बसस्थानकावर उतरून ती वडिलांसोबत आली, तेव्हा पोट पाण्याने फुगले होते आणि तीन ठिकाणच्या कागदांवर ‘कावीळ’ एवढेच लिहिले होते. वडिलांनी तिची शाळेची वही आणली होती. पहिल्या पानांवरची अक्षरे गोल आणि रेघेवर होती, शेवटच्या पानांवरची थरथरत खाली घसरलेली. यकृत आणि मेंदू एकत्र बिघडलेले दिसले, की विल्सनच्या आजाराचा विचार करावाच. या आजारात एटीपी७बी जनुकातील दोषामुळे यकृताला जादा तांबे पित्तातून बाहेर टाकता येत नाही, आणि ते यकृत, मेंदू व डोळ्यांत साचते. नेत्रविभागातील स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) बुबुळाच्या कडेला तपकिरी कडे दिसले, सेरुलोप्लाझ्मिन हे रक्तातील तांबे वाहणारे प्रथिन कमी निघाले आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे १०० मायक्रोग्रॅमच्या वर आले.

या लघवीतपासणीत फार चुका होतात. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिलीसुद्धा प्रयोगशाळेने दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमवायची, धातूचे भांडे मध्ये येऊ द्यायचे नाही. हे आईला प्रत्यक्ष कॅन हातात देऊन, तिच्याकडून परत वदवून घ्यावे.

साचलेले तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन सुरू केले. ते उपाशीपोटी घ्यावे, सोबत पिरिडॉक्सिन (जीवनसत्त्व ब६) द्यावे, तांब्याच्या हंड्यातील पाणी बंद करावे आणि औषध मध्येच सोडल्यास यकृत अचानक निकामी होऊ शकते, हे सारे मी समजावले. घरात आणखी मुले किती, हे मात्र विचारले नाही. दीड वर्षाने तिचा धाकटा भाऊ यकृत निकामी झालेल्या अवस्थेत आला आणि वाचला नाही. सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, हे मला परीक्षेपुरते पाठ होते. ती चूक माझी होती.

तेव्हापासून ‘मुले किती’ असे मी विचारत नाही, कारण गेलेली मुले त्या उत्तरात येत नाहीत. किती झाली, किती आहेत, गेली ती कोणत्या वयात आणि कशाने, असे एकेक विचारून तीन पिढ्यांची वंशावळ केसपेपरवरच काढते. याच घरात थोरला मुलगा नऊ वर्षांचा असताना ‘काविळीने’ गेला होता, हे मला या प्रश्नांतूनच, फार उशिरा कळले.

महागड्या उपचारांच्या आजारांसाठी दुर्मीळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार उत्कृष्टता केंद्रे आहेत, त्यांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. तिकडे पाठवताना ही वंशावळ सोबत द्यावी.

त्या घरातील सर्वांत धाकटी मुलगी सहा वर्षांची असताना तपासली. लक्षण एकही नव्हते, सेरुलोप्लाझ्मिन कमी होते. तिला आतड्यातून तांबे शोषले जाणे कमी करणारे झिंक सुरू केले, आणि आता दर तीन महिन्यांनी दोघी बहिणी एकाच बसने औषध न्यायला येतात.