चांपानेरच्या तटात रात्र काढायची असेल तर

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारातली मंडळी पावागडच्या डोंगरावर जातात ती रोपवेने वर, कालिकेचं दर्शन, उतरताना हालोलला चहा आणि दिवेलागणीला घरी. पायथ्याचं जुनं शहर चांपानेर बघतात ते बसच्या खिडकीतून. बडोद्याहून जेमतेम पन्नास किलोमीटर, त्यासाठी मुक्काम कशाला, असं माझी जाऊही म्हणायची.

मुक्काम करा, पण रोपवे सुरू होतो त्या माचीला नको. तिथे भाविकांच्या ये-जेत डोळा लागत नाही. खाली गावात खोली बघा. हे गाव गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्या राजवाड्याच्या तटातच वसलंय. १४८४ मध्ये त्याने पावागड घेतला, इथे राजधानी उभारली. १५३५ मध्ये हुमायूनने ती जिंकली आणि शहर ओस पडलं. वर दुसरं मोठं शहर चढलं नाही, म्हणून जुनं अजून पायाशीच आहे.

नवरात्र आणि पौर्णिमा टाळा. श्रावण सरता सरता, आडवारी जा. उजेडात पोचा, खोली आधी आतून बघा. आम्ही अंधारात पोचलो, खिडकीला जाळी नव्हती, रात्रभर डासांशी फुगडी घातली. चादर, कुलूप, टॉर्च, मच्छरदाणी घरची. संडास अंगणापलीकडे असला तर मालकावर डाफरू नका. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते.

धर्मशाळेच्या नळाखाली कपडे आपटायचा दगड होता. सकाळी बादली लावताना दिसलं, त्याच्या कडेला अर्धं कमळ कोरलेलं, पाकळ्यांत साबणाचा फेस. तिथे मी कपडे धुतले नाहीत. पुतण्याला मात्र चिखलात निळ्या झिलईचं खापर सापडलं आणि ते लगेच खिशात गेलं! परत ठेवायला लावलं, जिथलं तिथेच. आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या रमणलाल मेहतांनी १९६९ ते ७५ इथे खोदून अमीराचा वाडा, त्याचे पाण्याचे पाट उजेडात आणले. वस्तू जागच्या जागी असली तरच तिच्यावरून काही सांगता येतं, एवढं त्याला पटलं. थोडा रुसला.

सूर्योदयाला गेट उघडलं की आधी जामा मशीद. १७२ खांब मोजायला मुलांना लावा, दर वेळी आकडा वेगळा येतो. तुम्ही तोवर बाहेरच्या अष्टकोनी कुंडावर बसा. पावसाळ्यात पाणी भरलेलं असतं. पायऱ्या शेवाळी, चपला सांभाळा. मग तटात परत येऊन सहर की मशीद, आणि मांडवी. हो, इथेही मांडवी आहे; आपल्या बडोद्याच्या मांडवीसारखी रिक्षांची कोंडी तेवढी नाही.

दहाच्या आत आटपा. नंतर दगड तापतो आणि वर जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. निघताना मी त्या नळाखालच्या दगडावर दोन तांबे पाणी ओतलं. पाकळ्या साडेतीन निघाल्या.