ट्रॅक टाचेने वाचायचा असतो

रेसकोर्सवर ट्रॅकच्या देखभालीला लागलो तेव्हा माझ्या लेखी ट्रॅक तीनच प्रकारचे होते: गवत, डर्ट आणि सिंथेटिक. पहिल्याच आठवड्यात मुकादमांनी विचारलं, "आज ट्रॅक कसा आहे?" मी म्हटलं, "गवताचा." ते हसले, बुटाची टाच जमिनीत रोवली आणि म्हणाले, "हे विचारतोय."

म्हणजे गोइंग, जमीन किती कडक किंवा मऊ आहे ते. गवताखाली पाणी किती मुरलंय त्यावर फर्म (कडक), गुड, सॉफ्ट (मऊ), हेवी (फार ओला) असं ठरतं. पेनेट्रोमीटर असतोच, ठरावीक उंचीवरून वजन सोडायचं आणि सळई किती खोल गेली ते मोजायचं. पण हाती येते ती सरासरी. एकदा मी सोयीच्या जागाच मोजल्या. झाडांच्या सावलीतलं लांबचं वळण ओलंच राहिलं होतं, ते पहिल्या शर्यतीनंतर जॉकींकडून कळलं. तेव्हापासून पूर्ण फेरी पायी मारतो. रेलजवळची, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कठड्यालगतची पट्टी तर टापांनी सर्वांत आधी उखडते. रेल अधूनमधून बाहेर सरकवतात ती त्यासाठीच.

डर्टला माती म्हणू नका, त्यात वाळूच जास्त. वर काही इंचांचा मोकळा थर, खाली दाबून घट्ट केलेला पाया. पाऊस येणार असं दिसलं की वरचा थर दाबून 'सील' करतात, म्हणजे पाणी आत न मुरता वाहून जातं. नवखे इथे हमखास चुकतात. वर पाणी साचलेला ट्रॅक संथ असेलच असं नाही. पाया घट्ट असेल तर घोडे चांगलेच पळतात. तोच ट्रॅक अर्धवट वाळून चिकट झाला की दमवतो. शिवाय मागच्या घोड्यांच्या तोंडावर वाळूचा मारा होतो. काहींना तो अजिबात सोसत नाही.

घोड्याला याने खरंच फरक पडतो का? सिगार या अमेरिकन घोड्याचं उदाहरण बघा. गवतावर 11 शर्यतींत एक विजय. 1994 मध्ये डर्टवर आणल्यावर सलग 16.

सिंथेटिक म्हणजे वाळू, धागे, रबराचे तुकडे आणि त्यावर मेणाचा लेप. पाणी निचरून जातं म्हणून काळजी मिटली, असं मलाही वाटायचं. पण मेण उन्हात मऊ पडतं. पहाटेचा ट्रॅक आणि दुपारचा ट्रॅक वेगळा लागतो. अमेरिकेतल्या सँटा अनिटा रेसकोर्सने 2007 मध्ये सिंथेटिक बसवला, निचऱ्यानेच छळलं, आणि 2010 च्या अखेरीस तिथे पुन्हा डर्ट आला. तिथलंच कीनलँड रेसकोर्सही 2006 मध्ये सिंथेटिककडे वळून 2014 मध्ये डर्टवर परतलं. अमेरिकेतल्या नोंदींत घोड्यांचे जीवघेणे अपघात सिंथेटिकवर कमी दिसतात, तरीही. मला स्वतःला ते परतणं घाईचं वाटतं, पण ट्रेनर मंडळींसमोर मी हे बोलत नाही.

कामाला लागल्यावर वही ठेवा: वेळ, जागा, टाच किती रुतली, आदल्या रात्री पाणी किती दिलं. बूट मात्र रोज तेच घाला. मी मध्येच नवे घेतले आणि दोन महिन्यांच्या नोंदी जुळेनाशा झाल्या.